ज्याला गिटार वाजवता येत नव्हती, त्याने बेस गिटार घडवली : लिओ फेंडर यांची गोष्ट



चरित्रपाठ म्हटलं की आपण शास्त्रज्ञ, समाजसुधारक, संत यांची नावं घेतो आणि ती घ्यायलाच हवीत. पण या वेळचा पाठ मला आमच्या स्नेहसंमेलनाने दिला.

आमची शाळा भोसरीच्या बाजूला आहे. मुलांचे वडील कुणी एमआयडीसीतल्या वर्कशॉपमध्ये, कुणी चाकणला कंपनीत लाइनवर. काहींच्या आयाही पॅकिंगला नाहीतर असेंब्लीला जातात. पाचवीतल्या एका मुलीचे वडील सुट्टीच्या दिवशी बेस गिटार वाजवतात. मुलांच्या समूहगीताला साथ द्यायला ते हौसेने आले. दुसऱ्या कडव्याला त्यांच्या गिटारीतून घर्रर्र असा आवाज आला आणि ती एकदम गप्प झाली. गाणं तसंच पुढे गेलं. ते मात्र स्टेजच्या कडेला बसले, खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला आणि गिटारीवरची पट्टी उघडली. सगळी पाचवी त्यांच्याभोवती गोळा झाली. आत पाहतो तर काय, दोन पॉट, एक कंडेन्सर, एक जॅक आणि चार-सहा वायरी. जॅकवरचा डाग सुटला होता. साउंडवाल्या दादाकडून सोल्डरिंगचं सामान घेऊन त्यांनी डाग दिला आणि शेवटच्या गाण्याला गिटार पुन्हा वाजली.

दुसऱ्या दिवशी वर्गात नाचाबद्दल, बक्षिसांबद्दल कुणी बोललं नाही. मुलांचे प्रश्न दोनच. एवढ्या भारी दिसणाऱ्या वाद्यात आत एवढंच असतं का? आणि हे असं पहिल्यांदा कुणी केलं? पहिल्या प्रश्नाचं उत्तर मला अर्धंच येत होतं, दुसऱ्याचं अजिबात येत नव्हतं. मग मी वाचायला बसले. जो माणूस सापडला त्याची गोष्ट आज सांगते.

आधी, बेस गिटार म्हणजे काय?

दिसायला ती गिटारीसारखीच, पण मान लांब आणि तारा जाड, बहुतेक वेळा चारच. तिचा आवाज खालचा, खोल असतो. ऑर्केस्ट्रात ताल आणि चाल यांना एकत्र बांधून ठेवण्याचं काम ती करते. आर. डी. बर्मन यांची गाणी चांगल्या स्पीकरवर ऐका. गायकाच्या आणि ढोलकीच्या खाली छातीत जाणवणारा एक आवाज चालत असतो, तो बेसचा. ती वाजत असताना तिच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. थांबली की मात्र गाणं पोकळ वाटतं. आमच्या संमेलनात तेच झालं होतं.

संत्र्याच्या बागेतलं बालपण

क्लॅरेन्स लिओनिडास फेंडर यांचा जन्म १० ऑगस्ट १९०९ रोजी अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात झाला. सगळे त्यांना लिओ म्हणत. फुलर्टन आणि अनाहाइम या दोन गावांच्या मध्ये आईवडिलांची संत्र्याची बाग होती. घर शेतकऱ्याचं, कामं हातानेच करायची, आणि मोडलेलं आधी दुरुस्त करून बघायचं ही तिथली रीत.

लिओ आठ वर्षांचे असताना त्यांच्या डाव्या डोळ्याला गाठ झाली. डोळा काढावा लागला आणि त्या जागी काचेचा डोळा बसवला. आपल्या वर्गात असं मूल आलं तर आपण त्याला पहिल्या बाकावर बसवू आणि नाजूक कामांपासून जरा लांब ठेवू. चांगल्या मनानेच ठेवू. पण या मुलाने पुढे आयुष्यभर जे काम केलं ते केसाएवढ्या तारांचं आणि टाचणीएवढ्या डागांचं होतं, हे लक्षात ठेवायला हवं.

लहानपणी ते पियानो शिकले, नंतर शाळेत सॅक्सोफोनही वाजवला. गिटार मात्र ते कधीच शिकले नाहीत.

मामा-काकांनी द्यावं असं खोकं

लिओ तेरा-चौदा वर्षांचे होते तेव्हाची गोष्ट. त्यांचे एक नातेवाईक, जॉन वेस्ट, सांता मारिया गावात गाड्यांच्या इलेक्ट्रिक कामाचं दुकान चालवत. त्यांनी एकदा लिओंना एक खोकं पाठवलं. त्यात टाकाऊ रेडिओचे सुटे भाग होते आणि एक बॅटरी. पुढच्या वर्षी लिओ त्या दुकानात गेले तर दारात एक घरी बनवलेला रेडिओ ठेवलेला, आणि त्याच्या स्पीकरमधून मोठ्याने संगीत येत होतं. त्या आवाजाने त्यांना पकडलं ते कायमचं. घरी येऊन ते ओळखीच्या लोकांचे रेडिओ दुरुस्त करू लागले.

पालकांनो, इथे जरा थांबू या. त्या खोक्यातली एकही वस्तू नवी नव्हती. आपल्याकडे अशी खोकी घरोघरी भरता येतील. पॅनलमधून काढलेले रिले, जळालेल्या मोटरची तार, जुन्या स्पीकरचे चुंबक हे सगळं आपल्या भागात किलोने भंगारात जातं. मुलाच्या हातात त्यातलं काय जातं, हा प्रश्न आहे.

हिशोबनीस, आणि दोनदा सुटलेली नोकरी

१९२८ मध्ये हायस्कूल संपल्यावर लिओंनी कॉलेजात हिशोबशास्त्र घेतलं. इलेक्ट्रॉनिक्सचं रीतसर शिक्षण त्यांनी कधी घेतलं नाही. आधी बर्फाच्या कंपनीत माल पोचवण्याचं आणि मग हिशोबाचं काम केलं. रेडिओचा नाद संध्याकाळी चालूच होता. एका बँडवाल्याने नाचाच्या कार्यक्रमांसाठी माइक आणि स्पीकरची व्यवस्था करून मागितली, तेव्हा त्यांनी असे सहा संच बनवून दिले.

१९३४ मध्ये त्यांचं एस्थर यांच्याशी लग्न झालं. मग राज्याच्या महामार्ग खात्यात हिशोबनिसाची नोकरी लागली. ते दिवस जागतिक मंदीचे होते. ती जागाच रद्द झाली. पुढे टायरच्या कंपनीत हिशोबाला लागले, तर सहा महिन्यांत तिथल्या सगळ्याच हिशोबनिसांना काढून टाकलं.

हा भाग वाचताना मला आमच्या वर्गातली घरं आठवली. कंत्राटी कामगाराला काही महिन्यांनी मिळणारा ब्रेक काय असतो, हे आमच्या मुलांना सांगावं लागत नाही. वडील दुपारी घरी दिसले की मुलांना कळतं.

नोकरी गेल्यावर लिओंनी ६०० डॉलर उसने घेतले आणि १९३८ मध्ये फुलर्टनला परत येऊन दुकान थाटलं. नाव ठेवलं फेंडर रेडिओ सर्व्हिस.

दुरुस्तीचं दुकान हीच शाळा

दुकानात रेडिओ यायचे, रेकॉर्ड प्लेयर यायचे आणि हळूहळू वाजवणारे लोकही येऊ लागले. कुणाचा ॲम्प्लिफायर बंद पडलेला, कुणाच्या गिटारीत बसवलेला पिकअप गेलेला. लिओ वस्तू उघडत आणि कुठे तुटलं ते बघत. तीच वस्तू त्याच जागी पुन्हा पुन्हा तुटते हे त्यांच्या लक्षात आलं. विकणाऱ्या माणसाला ही गोष्ट कळत नाही, ती दुरुस्तीवाल्यालाच कळते.

काचेच्या डोळ्यामुळे दुसऱ्या महायुद्धात त्यांना लष्करात घेतलं गेलं नाही. त्याच काळात डॉक कॉफमन या वादकाशी आणि कारागिराशी त्यांची गाठ पडली. दोघांनी मिळून पिकअप तपासण्यासाठी लाकडाच्या भरीव तुकड्याची एक ओबडधोबड गिटार केली. गंमत म्हणजे गावातले वादक तीच भाड्याने मागू लागले. पोकळ गिटारीचा आवाज मोठा केला की ती किंचाळायला लागते, कारण स्पीकरचा आवाज पोकळ पेटीत शिरून तिला पुन्हा हलवतो. भरीव लाकडात हा त्रास खूपच कमी होता.

दोघांनी कंपनी काढली, पण कर्ज वाढण्याच्या भीतीने कॉफमन १९४६ मध्ये बाजूला झाले. लिओ एकटेच पुढे गेले. १९५० मध्ये त्यांची भरीव लाकडाची गिटार बाजारात आली. तीच पुढे टेलिकास्टर या नावाने प्रसिद्ध झाली. तिची मान शरीराला चिकटवलेली नव्हती, चार स्क्रूंनी बसवलेली होती. मान खराब झाली तर स्क्रू काढा आणि दुसरी लावा. वाद्य घडवणाऱ्या जुन्या कारागिरांना हे अडाणीपणाचं वाटलं असेल. दुरुस्तीवाल्याला मात्र ते अगदी सरळ वाटलं.

ऐकू न येणाऱ्या वादकासाठी

त्या काळात बँडमध्ये खालचा आवाज देणारं वाद्य म्हणजे उभा बेस. माणसाएवढं उंच, पोकळ लाकडाचं. गाडीच्या टपावर बांधून न्यायचं, पावसापासून जपायचं आणि एवढं करून मोठ्या हॉलमध्ये त्याचा आवाज ढोल-ताशांच्या पुढे, म्हणजे ड्रम आणि इलेक्ट्रिक गिटारीच्या पुढे, बुडून जायचा. मानेवर पडदे नसल्यामुळे सूर बोटाच्या अंदाजाने शोधावा लागायचा. ते वाद्य धरून वादकाला गायला माइकपर्यंतही जाता येत नसे.

लिओंनी ही तक्रार वादकांकडून ऐकली आणि १९५१ मध्ये चार तारांची, भरीव लाकडाची, गळ्यात अडकवता येणारी बेस गिटार केली. मानेवर धातूचे पडदे होते, त्यामुळे बोट पडद्यामागे ठेवलं की सूर नेमका लागायचा. म्हणून तिचं नाव प्रिसिजन, म्हणजे नेमकी. तारेची वाजती लांबी ३४ इंच, म्हणजे सुमारे ८६ सेंटीमीटर. आजही बहुतेक बेस गिटारींची लांबी हीच असते.

खरं सांगायचं तर इलेक्ट्रिक बेसचा विचार करणारे ते पहिले नव्हते. सिएटल शहरात पॉल टटमार्क यांनी १९३० च्या दशकातच पडदे असलेला इलेक्ट्रिक बेस बनवला होता. पण तो फारसा पसरला नाही. लिओंचा पसरला, कारण त्यांनी वाद्यावर थांबून काम सोडलं नाही. बेसचा खोल आवाज साध्या गिटारीच्या ॲम्प्लिफायरला झेपत नाही, स्पीकरचा कागद फाटतो. म्हणून १९५२ मध्ये त्यांनी १५ इंची स्पीकरचा बेसमन नावाचा वेगळा ॲम्प्लिफायरही काढला. वाद्य, वायर, ॲम्प्लिफायर, स्पीकर ही एक साखळी आहे आणि तिची सगळ्यात कच्ची कडी तुटते, हे त्यांना दुकानाने शिकवलं होतं.

आत काय असतं? (मुलांचा पहिला प्रश्न)

हा भाग मी फळ्यावर चित्र काढून शिकवला. आपणही शिकवू शकता.

तारांच्या खाली जी पट्टी दिसते ती पिकअप. आत चुंबक असतात आणि त्यांच्याभोवती एनॅमल चढवलेल्या, केसाएवढ्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो फेरे. ज्यांच्या घरी कुणी मोटर वाइंडिंगचं काम करतं त्यांना हे लगेच कळतं. गिटारीची तार पोलादाची असते. ती हलली की चुंबकाचं क्षेत्र हलतं आणि फेऱ्यांमध्ये अगदी छोटी वीज तयार होते. मायकेल फॅरेडे यांनी १८३१ मध्ये दाखवलेलं हेच तत्त्व, ज्यावर आपले जनरेटर चालतात. तार सेकंदाला जितक्या वेळा हलते तितक्याच वेळा वीज मागेपुढे होते. बेसची सगळ्यात जाड तार सेकंदाला सुमारे ४१ वेळा हलते, पुढच्या तीन ५५, ७३ आणि ९८ वेळा.

पिकअपमधून निघालेली वीज आवाजाच्या पॉटकडे जाते. दुसरं बटण टोनचं. त्याला जोडलेला कंडेन्सर बारीक, तीक्ष्ण आवाज अर्थकडे वळवतो आणि उरतो तो गोल, जाड आवाज. शेवटी जॅक. बस, एवढंच. यात बाहेरची वीज कुठेच नाही. या चार वस्तू स्क्रूड्रायव्हरने उघडता येतात आणि डाग देऊन जोडता येतात.

घूंऽऽ असा आवाज आणि १९५७ ची दुरुस्ती

पहिल्या बेसमध्ये एक खोड होती. तारेच्या वेटोळ्याला गिटारीची तार आणि घरातली वीज यांतला फरक कळत नाही. जवळ ट्रान्सफॉर्मर किंवा रोषणाईची वायर असेल तर तीही पकडली जाते आणि स्पीकरमधून घूंऽऽ येतं. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० वेळा हेलकावते. आता वरचे आकडे पुन्हा बघा. ५० हा आकडा बेसच्या ४१ आणि ५५ च्या बरोबर मधे बसतो! म्हणजे घूंऽऽ आवाज सूर चालतात त्याच घरात येऊन बसतो आणि टोनच्या बटणाने तो काढता येत नाही.

१९५७ मध्ये लिओंनी पिकअपचे दोन तुकडे केले, प्रत्येक दोन तारांसाठी एक. एकाचे चुंबक आणि विजेची दिशा दुसऱ्याच्या उलट. बाहेरून येणारा घूंऽऽ दोन्ही तुकड्यांत एकाच वेळी शिरतो, पण उलट दिशेने जोडल्यामुळे एकमेकांना खोडून टाकतो. तारांचा आवाज मात्र शाबूत राहतो, कारण तिथे चुंबकही उलटा आहे. उणे गुणिले उणे बरोबर अधिक, हे सातवी-आठवीला शिकवताना याहून चांगलं उदाहरण मला मिळालेलं नाही.

१९६० मध्ये दोन पिकअपची जॅझ बेस आली. वरच्या बाजूला मान अधिक निमुळती, हाताला सोपी. १९५४ ची त्यांची स्ट्रॅटोकास्टर गिटार तर जगभर ओळखली जाते. तिच्या कडा गोल तासलेल्या होत्या, कारण जुन्या गिटारीची धार बरगड्यांना लागते अशी वादकांची कुरकुर होती.

इथे या माणसाची खरी खुबी दिसते. स्वतःला वाजवता येत नसल्यामुळे त्यांना प्रत्येक वेळी विचारावं लागायचं. नवीन नमुना तयार झाला की गावच्या बँडवाल्याच्या हातात द्यायचे, रात्रभर वाजवू द्यायचे आणि मग काय दुखलं, काय तुटलं ते ऐकायचे. स्वतः वाजवणारा कारागीर स्वतःच्या बोटांचं ऐकतो. यांनी सगळ्यांच्या बोटांचं ऐकलं.

टेपवरची नावं

लिओंचा कारखाना म्हणजे आपल्याकडच्यासारखीच लाइन. कुणी मान तासतंय, कुणी रंग देतंय, कुणी वायरी जोडतंय. पिकअपला तार गुंडाळण्याचं आणि जोडणीचं काम पुष्कळदा बायका करत. त्यांतल्या अबिगेल इबारा १९५६ मध्ये कामाला लागल्या आणि त्यांनी गुंडाळलेले पिकअप पुढे जगभरचे वादक नाव घेऊन मागू लागले. मान तासणारे तादेओ गोमेझ मानेच्या टोकावर पेन्सिलीने आपली आद्याक्षरं आणि तारीख लिहीत. त्या काळातल्या गिटारी आज उघडल्या की काहींच्या पोटात चिकटपट्टीवर जोडणी करणाऱ्या बाईचं नाव सापडतं.

हे वर्गात सांगितल्यावर एका मुलाने विचारलं, की आमच्या पप्पांनी बसवलेल्या पार्टवर त्यांचं नाव असतं का. मी म्हटलं, घरी विचारून ये. तो विचारून आला. नाव नसतं, पण एक नंबर असतो आणि त्यावरून कुणी बसवला ते कळतं, असं उत्तर मिळालं. सांगताना त्याचा चेहरा बघण्यासारखा होता.

विक्री, आजारपण आणि पुन्हा सुरुवात

पन्नाशीत लिओंची तब्येत ढासळली. बरीच वर्षं एका जंतुसंसर्गाने त्यांना छळलं होतं. आपण फार दिवस काढणार नाही अशी त्यांची समजूत झाली आणि जानेवारी १९६५ मध्ये त्यांनी कंपनी सीबीएस या मोठ्या कंपनीला १ कोटी ३० लाख डॉलरला विकली. पुढे डॉक्टर आणि उपचार बदलल्यावर ते चक्क बरे झाले! पण तोवर कंपनी आणि तिच्यावरचं स्वतःचं नाव दोन्ही दुसऱ्याच्या मालकीचं झालं होतं. करारामुळे ठरावीक वर्षं त्याच धंद्यात त्यांना उतरताही येत नव्हतं.

एखादा माणूस पैसे मोजत घरी बसला असता. मुदत संपल्यावर लिओ म्युझिक मॅन कंपनीत उतरले. १९७६ मध्ये तिथे स्टिंगरे बेस आली. तिच्या आत ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारं एक छोटं सर्किट होतं. ते आवाजाला गिटारीतच बळ देतं आणि लांब वायरीतून जाताना तो मलूल होत नाही. तेव्हा ते ६६-६७ वर्षांचे होते.

१९७९ मध्ये पत्नी एस्थर यांचं कर्करोगाने निधन झालं. त्याच सुमारास जुने सहकारी जॉर्ज फुलर्टन यांच्यासोबत त्यांनी जी अँड एल ही नवी कंपनी उभी केली. जॉर्ज आणि लिओ, म्हणून जी अँड एल. सत्तरी आलेली, पुढे कंपवाताने हात थरथरायला लागलेले, तरी रोज टेबलावर बसून पिकअप आणि पूल सुधारणं चालूच. २१ मार्च १९९१ रोजी वयाच्या ८१ व्या वर्षी ते गेले. आदल्या दिवशीही ते कामावर होते. पुढच्याच वर्षी रॉक संगीताच्या मानाच्या यादीत त्यांचं नाव घेतलं गेलं. गिटार न वाजवणाऱ्या माणसाचं!

हौशी वादक पालकांसाठी चार ओळी

लेख वाचून काही पालक विचारतीलच, म्हणून त्या वादक पालकांकडून समजून घेऊन लिहिते.

आवाज गेला तर आधी वायर बदलून बघा. मग बॅटरी असेल तर ती. मग जॅकचा नट ढिला आहे का ते, मग जॅकचा डाग. पिकअप सगळ्यात शेवटी बघायचा, तो फार क्वचित जातो. बॅटरीच्या गिटारीतून वाजवून झाल्यावर पिन काढून ठेवा, कारण पिन आत असेपर्यंत बॅटरी खर्च होत राहते. वायरलेस लावलं तरी आतली साखळी तीच, फक्त वायरीच्या जागी पट्ट्याला लावायचा छोटा ट्रान्समीटर आणि ॲम्प्लिफायरजवळ रिसीव्हर येतो. २.४ गिगाहर्ट्झवर चालणारे स्वस्त संच वायफायच्याच लहरींवर चालतात, त्यामुळे मोबाइलने भरलेल्या हॉलमध्ये आवाज तुटू शकतो. रिसीव्हर नजरेसमोर ठेवा आणि एक साधी वायर पिशवीत असू द्या.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: गिटार मुलांसमोर उघडायला हरकत नाही, ॲम्प्लिफायर मात्र नाही. प्लग काढला तरी त्याच्या कंडेन्सरमध्ये जोरदार झटका देण्याइतकी वीज साठून राहू शकते.

वर्गात घेता येईल असा उपक्रम

भंगारातला २४ व्होल्टचा एक रिले घ्या. त्याच्या आत तयार वेटोळं असतं. जाणकाराकडून त्याच्या दोन टोकांना जुन्या माइकची वायर जोडून घ्या आणि मधल्या लोखंडी गाभ्याला छोटा चुंबक चिकटवा. एका फळीवर दोन खिळे ठोकून पोलादी गिटारीची तार ताणा. वेटोळं तारेच्या अगदी जवळ ठेवा, पण तार लागू देऊ नका. वायर बॅटरीवर चालणाऱ्या स्पीकरच्या माइकच्या भोकात लावा आणि तार छेडा. आवाज येईल. आता पोलादी तारेच्या जागी तंगूस लावा. तो जोरात हलेल, पण स्पीकर गप्प राहील. का, ते मुलांना सांगू नका. त्यांना सांगू द्या. विजेच्या प्लगवर चालणारा स्पीकर मात्र या प्रयोगाला वापरू नका.

शेवटी

एक कबुली देते. आमच्या वर्गात एक मुलगा आहे. पेन, कंपास, घड्याळ, हाताला लागेल ते उघडतो. पालकसभेत त्याच्या आईने तक्रार केली की घरात एक वस्तू धड ठेवत नाही आणि अभ्यासाला बसत नाही. मी मान डोलावली. त्याच्या दप्तरात सापडलेला छोटा स्क्रूड्रायव्हर मी काढून घेऊन कपाटात ठेवला होता. बाई म्हणून तेच योग्य वाटलं.

हा पाठ झाल्यावर तो स्क्रूड्रायव्हर मी त्याला परत दिला. दोन अटींवर. प्लगची वस्तू उघडायची नाही, आणि जे उघडलं ते पुन्हा बसवायचं. तो मोठेपणी काय होईल मला माहीत नाही. कदाचित चाकणला लाइनवर जाईल, कदाचित हिशोबनीस होईल. पण गेल्या आठवड्यात शाळेची बंद पडलेली घंटा का वाजत नाही हे बघायला शिपाईकाका आले, तेव्हा तो त्यांच्या शेजारी उभा होता आणि एकेक स्क्रू हातात घेऊन क्रमाने ओळीत मांडत होता. घंटा दुरुस्त झाली. सगळे स्क्रू परत बसले.